सांगलीहून इजिप्तची ग्रुप टूर: देवळं कशी दाखवली, काय आवडलं, काय खटकलं

इजिप्तच्या टूरबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. टूर मला आवडली, पाचपैकी चार स्टार, आणि त्यातले निदान तीन एकट्या तिथल्या गाईडचे. सांगलीतल्याच एका टूरवाल्यांकडून गेलो होतो, नाव घालत नाही, कारण जे चांगलं झालं ते बरंचसं गाईडमुळे झालं आणि जे खटकलं ते बहुतेक सगळ्या ग्रुप टूरमध्ये असतं असं बरोबरच्या अनुभवी मंडळींचं म्हणणं पडलं. माणशी दोन लाखांच्या आसपास खर्च, त्यातच सांगली ते मुंबई बस, विमान, व्हिसा, नाईलमधली क्रूझ. मी आणि सासूबाई होतो, बाकी लोक मिरज, तासगाव, विट्याचे, निम्म्याहून जास्त रिटायर्ड.

पिरॅमिडबद्दल लिहीत नाही, त्याचे फोटो सगळ्यांनी बघितलेत. मला लिहायचंय देवळांबद्दल, कारण या टूरचे जास्तीत जास्त दिवस देवळांतच जातात आणि नेमकं तेच लोकांना कंटाळवाणं वाटतं. आधी जाऊन आलेल्या एक काकू मला म्हणाल्या होत्या, दोन देवळं झाली की पुढचे सगळे खांब सारखेच दिसतात गं. आता मी ठामपणे सांगू शकते की असं होतं ते एकाच कारणानं, त्या देवळात रोज काय चालायचं हे कोणी सांगतच नाही. राजाचं नाव, सन, खांबाची उंची, चला फोटो काढा, पाऊण तासात बसमध्ये. अशानं कुठलंही देऊळ कंटाळवाणंच होणार ना.

आमच्या छापील प्लॅनमध्ये लक्झरला पोचल्यावर पहिलं कर्नाकचं मोठं देऊळ होतं. गाईडनी पहिल्याच संध्याकाळी टूर मॅनेजरशी बोलून ते बदललं आणि सकाळी आधी डेंडेराला नेलं, लक्झरपासून साधारण ६० किलोमीटर उत्तरेला. कारण सांगितलं ते मला फार पटलं. कर्नाक जवळजवळ दोन हजार वर्षं बांधलं जात होतं, प्रत्येक राजानं काहीतरी जोडलं, काहीतरी पाडलं, त्यामुळे नवीन माणसाला त्यात काही उमगत नाही. डेंडेराचं मुख्य देऊळ इ.स.पू. ५४ मध्ये सुरू झालेलं, म्हणजे तिथल्या हिशोबानं अगदी अलीकडचं, पण त्याचं छत जागेवर आहे, जिने आहेत, गाभारा आहे, तळघरातल्या खोल्या आहेत. पूर्ण देऊळ एकदा डोळ्यांनी बघा, मग मोडकं बघितलं तरी मनात उभं करता येतं. हा क्रम ज्यानं सुचवला त्या माणसाला माझा मनापासून नमस्कार.

डेंडेरा हे हॅथोर देवीचं. आत शिरलं की पहिल्या मोठ्या मंडपात २४ खांब, प्रत्येकाच्या माथ्यावर चारी बाजूंनी देवीचा चेहरा, कान गाईचे. पुढच्या काळात ख्रिश्चन झालेल्या लोकांनी बरेच चेहरे छिन्नीनं फोडलेत, ते बघून वाईट वाटतं. पण मान वर केली की वरचं छत! काजळी साफ केलीय त्यामुळे निळा रंग एवढा ताजा दिसतो की विश्वास बसत नाही. आकाशाची देवी नुट लांबच्या लांब पसरलीय, संध्याकाळी सूर्य तिच्या तोंडातून आत जातो, रात्रभर अंगातून प्रवास करतो आणि सकाळी ती त्याला परत जन्म देते, हे सगळं छतावर कोरलेलं आणि रंगवलेलं. सासूबाई मान दुखेपर्यंत बघत उभ्या होत्या.

मग गाईडनी सांगितलं, आता चालताना फक्त पायाकडे आणि छताकडे लक्ष द्या. खरंच, जसजसं आत जाल तसतशी जमीन थोडी थोडी वर चढते, छत खाली येतं, उजेड कमी होत जातो, आणि गाभाऱ्यापाशी जवळजवळ अंधार. त्यांच्या समजुतीप्रमाणे सुरुवातीला सगळं पाणीच होतं आणि त्यातून जमिनीचा पहिला उंचवटा वर आला, गाभारा म्हणजे तो उंचवटा, आणि बाहेरच्या मंडपातले कमळाच्या नि पपायरसच्या, म्हणजे नदीकाठच्या लव्हाळ्याच्या, आकाराचे खांब म्हणजे त्याच्या भोवतीची दलदल. हे एकदा कळलं की पुढे एडफूला, फिलेला, कुठेही गेलं तरी पाय आपोआप चढ शोधतात.

देवळाच्या छतावर जायला दोन जिने आहेत, एक गोल वळणाचा आणि एक सरळ. नवीन वर्षाच्या दिवशी देवीची मूर्ती छोट्या देव्हाऱ्यात ठेवून पुजारी एका जिन्यानं वर न्यायचे, छतावरच्या मंडपात तिच्यावर सूर्याची किरणं पडू द्यायची, आणि दुसऱ्या जिन्यानं खाली आणायची. भिंतीवर तीच मिरवणूक कोरलीय, वर जाणाऱ्या जिन्यात सगळे पुजारी वर चढतायत आणि उतरणाऱ्या जिन्यात खाली उतरतायत. पायऱ्या एवढ्या झिजल्यात की मधोमध खळगा झालाय. जिन्यात आपण त्यांच्या शेजारून चढत असतो, हातात झेंडे, पेट्या, धूपपात्रं घेतलेली माणसं, खांद्याला खांदा. पूर्ण टूरमध्ये मला सगळ्यात आवडलेली जागा हीच.

एक गोष्ट मात्र सांगायलाच पाहिजे. तिथल्या तळघरात अरुंद वाटेनं वाकून जावं लागतं, आत एक चित्र आहे ज्याला यूट्यूबवाले इजिप्तचा विजेचा बल्ब म्हणतात. आमच्यातल्या एकानं तेच विचारलं. गाईड अजिबात चिडले नाहीत, टॉर्च मारून दाखवलं, हे कमळाचं फूल, त्यातून बाहेर आलेला साप, आणि शेजारी लिहिलेल्या मजकुरात हे चित्र ज्या मूर्तीचं आहे तिचं वर्णनच दिलंय. भिंतीवर एवढं स्वच्छ लिहून ठेवलेलं असताना लोक बल्ब बघून परत येतात, हे गाईडचं महत्त्व नाही तर काय.

आता रोजच्या पूजेबद्दल, कारण सासूबाईंनी याच्यावरच सगळ्यात जास्त प्रश्न विचारले आणि मी मधे दुभाषी. तिथे देऊळ म्हणजे लोकांनी जमून प्रार्थना करायची जागा नव्हती. ते देवाचं घर, आणि पुजारी म्हणजे त्या घरातले नोकर. पहाट व्हायच्या आधी देवळाच्या भटारखान्यात भट्ट्या पेटायच्या, पाव, बिअर, भाज्या, मांस, फुलं तयार व्हायची. उजाडताना देवाला उठवायचं स्तोत्र म्हणायचं. मग मुख्य पुजारी गाभाऱ्याच्या लाकडी दारावरचं मातीचं सील फोडायचा, कडी सरकवायचा, साष्टांग नमस्कार घालायचा. मूर्ती बाहेर काढून कालचे कपडे, कालचं तेल पुसून काढायचं, पाणी शिंपडायचं, धूप फिरवायचा, नवीन वस्त्रं नेसवायची, सुगंधी तेल लावायचं, आणि ते करंगळीनं लावायचं बरं का, अबायडोस गावी सेती पहिला या राजाच्या देवळात भिंतीवर ही पूजा एकेक पायरी करून कोरलेली आहे. मग समोर जेवण. सगळं झालं की परत दार बंद, नवीन सील, आणि निघताना पुजारी मागे मागे सरकत झाडूनं स्वतःच्या पावलांचे ठसे पुसत यायचा.

सासूबाईंनी विचारलं, आणि त्या जेवणाचं काय करायचे? गाईडना हा प्रश्न एवढा आवडला की ते तिथेच जोत्यावर बसले. देवासमोर ठेवलेलं जेवण नंतर दुसऱ्या छोट्या देवांपुढे जायचं, मग अंगणात उभ्या असलेल्या मोठ्या माणसांच्या पुतळ्यांपुढे, आणि शेवटी पुजारी आणि देवळातले कामगार यांच्यात वाटलं जायचं, ती त्यांची मजुरीच. आता यातून पुढे काय झालं बघा. देवाच्या ताटातला वाटा मेल्यावरही मिळावा म्हणून ज्याची ऐपत तो आपला पुतळा कर्नाकच्या अंगणात ठेवायला लागला. शेकडो वर्षांत एवढे पुतळे साठले की चालायला जागा राहिली नाही, आणि पवित्र वस्तू फेकून तर देता येत नाही, म्हणून पुजाऱ्यांनी सातव्या पायलॉनच्या, म्हणजे देवळाच्या भव्य दरवाज्याच्या, अंगणात मोठा खड्डा खणून ते पुरले. १९०३ पासून पुढे काही वर्षं लेग्रां नावाच्या फ्रेंच माणसानं तो खड्डा उपसला, खालून पाणी लागत होतं तरी. सातशेच्या वर दगडी पुतळे आणि ब्राँझच्या सतरा हजारांच्या आसपास मूर्ती निघाल्या.

पुजारी सगळे कायमचे नसायचे हे मला नवीन होतं. चार गट, प्रत्येकाची एकेक महिना पाळी, बाकीचे महिने आपापला धंदा, शेती, कारकुनी. इ.स.पू. २३८ मध्ये टॉलेमी या ग्रीक घराण्यातल्या राजांच्या काळात पाचवा गट वाढवला. पाळी सुरू झाली की नियम कडक, हेरोडोटस या ग्रीक इतिहासकारानं लिहून ठेवलंय की सगळ्या अंगावरचे केस काढायचे, दिवसातून दोनदा आणि रात्री दोनदा गार पाण्यानं आंघोळ, कपडे तागाचेच, लोकर चालायची नाही, पायात पपायरसच्या चपला. बायका देवळात गायिका म्हणून असायच्या, हातात सिस्ट्रम नावाचं खुळखुळ्यासारखं वाद्य, आणि कर्नाकला तर आमुन देवाची पत्नी असं एक पद होतं, पुढच्या काळात राजकन्यांकडे असायचं, त्या बाईंच्या हातात भरपूर जमीनजुमला आणि सत्ता. भिंतीवर मात्र बहुतेक पूजेच्या चित्रात राजाच दिसतो, कारण कागदोपत्री देवाशी बोलायचा हक्क फक्त राजाला, पुजारी त्याच्या वतीनं.

एवढं सगळं डोक्यात घेऊन आम्ही दुसऱ्या दिवशी कर्नाकला गेलो, दार उघडतानाच पोचलो, हे पण गाईडमुळे. त्या वेळी मोठ्या मंडपात आमच्याशिवाय जेमतेम दहा-वीस लोक होते. १३४ खांब, मधले १२ तर २१ मीटरच्या आसपास उंच आणि माथ्यावर उमललेला पपायरस, बाजूचे १२२ त्यापेक्षा बुटके आणि त्यांच्या माथ्यावर कळ्या. सेती पहिल्यानं बांधलं, मुलानं म्हणजे रामसेस दुसऱ्यानं कोरीवकाम पूर्ण केलं. १८९९ मध्ये यातले ११ खांब कोसळले होते, ते परत उभे केलेत. खालून मुरणारं पाणी आणि त्यातलं मीठ दगड पोखरतं, बऱ्याच खांबांच्या पायथ्याशी पापुद्रे सुटलेले दिसतात. आमच्या ग्रुपमधल्या मिरजेच्या काकांनी पाटबंधारे खात्यात नोकरी केलीय, ते त्या पायथ्यांपाशी उकिडवे बसून बराच वेळ बघत होते.

कर्नाकची एक गोष्ट बहुतेक लोक न बघताच जातात. पहिल्या दरवाज्याच्या, म्हणजे पायलॉनच्या, मागच्या बाजूला कच्च्या विटांचा मोठा ढिगारा भिंतीला लागून आहे. तो कचरा नाही, बांधकामाचा रॅम्प आहे. त्याच्यावरून दगड वर ओढत न्यायचे. पायलॉन अर्धवटच राहिला, म्हणून रॅम्प काढायचं काम कोणी केलंच नाही. एवढे मोठे दगड कसे चढवले, परग्रहावरून कोणी आलं होतं का, असल्या गप्पा मारणाऱ्यांना त्या ढिगाऱ्यापुढे उभं करायला पाहिजे.

हॅटशेपसुट राणीचा ओबेलिस्क, म्हणजे उंच टोकदार दगडी खांब, अजून उभा आहे, एकाच ग्रॅनाईटचा, जवळजवळ ३० मीटर, अस्वानहून नदीतून आणलेला. तिच्या मागून आलेल्या थटमोस तिसऱ्यानं त्याच्या खालच्या भागाभोवती भिंत बांधून तो झाकला, त्यामुळे झाकलेला भाग उन्हापावसापासून वाचला आणि आज रंगात फरक दिसतो. पवित्र तलाव १२० मीटर बाय ७७ मीटर, पुजाऱ्यांच्या आंघोळी इथल्याच. तिथे किडा-भुंग्याच्या पुतळ्याला सात फेऱ्या मारा म्हणजे इच्छा पूर्ण होते असं सांगून लोकांना फिरवतात, आमच्या टूर मॅनेजरनी पण फिरवलं आणि त्यात वीस मिनिटं गेली. तो वेळ मला मागच्या पूर्वेकडच्या बाजूला द्यायला आवडला असता. कारण सामान्य लोकांना आत प्रवेश नव्हता, शेतकरी, कुंभार, बायाबापड्या सगळे बाहेरच, पण देवळाच्या पाठीमागे एक जागा होती जिथे प्रार्थना ऐकणाऱ्या आमुनला गाऱ्हाणं सांगता यायचं. गाभाऱ्याच्या भिंतीला पाठीमागून जाऊन बोलायचं. आम्ही तिथे धावतपळत जेमतेम पाच मिनिटं उभे राहिलो.

आणि पैसा! रामसेस तिसऱ्याच्या काळातली एक पपायरसच्या कागदाची लांबलचक गुंडाळी आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, तिच्यात देवळांना दिलेल्या देणग्यांचा हिशोब आहे. एकट्या आमुनच्या देवस्थानाच्या नावावर ऐंशी हजारांहून जास्त माणसं, ४,२१,३६२ जनावरं, ४३३ बागा, ८३ जहाजं. हे आकडे मी वहीत उतरवून घेतले. देऊळ म्हणजे जमीनदार, सावकाराची वखार, कारखाना, गोदी सगळं एकातच. नदीच्या पश्चिमेला रामसेस दुसऱ्याच्या देवळामागे, रामेसियमला, धान्याच्या कोठारांच्या कच्च्या विटांच्या कमानी तीन हजार वर्षांनंतर अजून उभ्या आहेत. प्लॅनमध्ये रामेसियम नव्हतं, तिथे अलाबास्टरच्या, म्हणजे संगमरवरासारख्या दगडाच्या वस्तूंच्या, दुकानाची भेट होती. आम्ही सात-आठ जणांनी दुकान नको म्हणून हट्ट धरला, गाईडनी आम्हाला तेवढ्या वेळात रामेसियमला नेलं. त्या कमानींखाली उभं राहून ऐकलेली हकीकत अशी की रामसेस तिसऱ्याच्या २९व्या वर्षी राजांच्या थडग्यांवर काम करणाऱ्या कारागिरांचं धान्य थकलं, तेव्हा ते हत्यारं खाली ठेवून देवळांच्या मागे जाऊन बसले, थटमोसच्या देवळापाशी, मग रामेसियमला. आम्ही भुकेलेत, तहानलेत, कपडे नाहीत, तेल नाही, असं त्यांचं म्हणणं लिहून ठेवलेला पपायरस इटलीत तुरीनला आहे. शेवटी धान्य मिळालं. विट्याच्या मामांची सूतगिरणीत नोकरी झालीय, त्यांना ही गोष्ट इतकी भिडली की संध्याकाळी जेवताना परत पहिल्यापासून विचारून घेतली.

लक्झरचं देऊळ संध्याकाळी दाखवलं, दिवे लागल्यावर, ते बरोबरच केलं. कर्नाकपासून इथपर्यंत २.७ किलोमीटरचा स्फिंक्सचा, म्हणजे दुतर्फा सिंहाच्या अंगाच्या मूर्ती असलेला, रस्ता आहे, २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये मोठ्या सोहळ्यानं परत खुला केला. नाईलला पूर आला की ओपेत नावाचा उत्सव व्हायचा, आमुन, त्याची बायको मूत आणि मुलगा खोन्सू यांच्या मूर्ती पडदे लावलेल्या नावेत बसवून पुजारी खांद्यावर घ्यायचे आणि कर्नाकहून लक्झरला यायचे. थटमोस तिसऱ्याच्या काळात ११ दिवस, रामसेस तिसऱ्यापर्यंत २७ दिवस. एरवी आत कोंडलेला देव या दिवसांत बाहेर, लोकांच्या नजरेसमोर, आणि लोक रस्त्यावर उभे राहून त्याला प्रश्न विचारायचे, नाव पुढे झुकली तर हो, मागे सरली तर नाही. तासगावच्या काकू लगेच म्हणाल्या, अहो, आमचा गणपती पण ऋषिपंचमीला रथात बसून काशीविश्वेश्वराला भेटायला जातोच की, माणसंच ओढतात. गाईडना ते मी समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी रथाचा फोटो मागितला, काकूंच्या मोबाईलमध्ये होताच, मग पंधरा मिनिटं दोघांचं खाणाखुणांनी चाललेलं, रथ किती मजली, दोर कोण धरतं, देव परत कधी येतो.

त्याच देवळात एक मशीद आहे, अबू हग्गाग या सुफी संतांची, अजून नमाज चालतो. तिचा जुना दरवाजा जमिनीपासून पार वर हवेत लटकल्यासारखा दिसतो, कारण मशीद बांधली तेव्हा देऊळ निम्मं वाळू-मातीत गाडलेलं होतं आणि जमीनच तेवढी वर होती. या संतांच्या उरुसाला आजही मिरवणुकीत नावा ओढतात. आत एका खोलीला रोमन लोकांनी गिलावा करून त्यावर चित्रं काढलीत, त्याच्याखाली फॅरोच्या, म्हणजे जुन्या इजिप्तच्या राजांच्या, काळातलं कोरीवकाम. अलेक्झांडरनं बांधून घेतलेली देवाची नाव ठेवायची खोली पण आहे, आणि त्यात तो पण फॅरोच्याच वेशात आमुनपुढे उभा.

क्रूझबद्दल थोडक्यात. खोल्या स्वच्छ, जेवण ठीक, शाकाहारी लोकांचं कोशरी (भात-मसूर-मॅकरोनी), फूल नावाची बियांची उसळ, फलाफेल आणि तिथल्या गोल भाकरीवर छान भागतं. आमच्याकडे भडंग आणि शेंगदाण्याची चटणी होतीच. एस्नाच्या लॉकपाशी, म्हणजे जहाजं वरच्या-खालच्या पातळीवर न्यायच्या दरवाज्यांपाशी, फेरीवाले होड्या लावून खालून वरच्या डेकवर चादरी फेकतात, मजा येते, पण एस्नाच्या देवळात मात्र उतरवलं नाही, आणि हे मला लागलं. खनुम देवाच्या त्या देवळातली काजळी २०१८ पासून साफ करायला घेतली आणि आतले मूळ रंग बाहेर आलेत, जहाज तिथेच थांबलेलं असताना न दाखवणं काही बरोबर नाही.

एडफूला पण घाईच झाली. सगळ्या क्रूझ एकाच वेळी लागतात, घोडागाड्यांची झुंबड, घोड्यांचे हाल बघवत नाहीत, आम्ही रिक्षा मागितली. होरस या ससाण्याच्या रूपातल्या देवाचं देऊळ मात्र अप्रतिम. इ.स.पू. २३७ ते ५७, म्हणजे १८० वर्षं लागली बांधायला. ३६ मीटरचा दरवाजा, ग्रॅनाईटचा ससाणा, आणि गाभाऱ्यात एकसंध दगडाचा देव्हारा, जो देवळापेक्षाही जुना आहे, आधीच्या देवळातला, नेक्टानेबो दुसरा या राजाचा. त्याच्या आतल्या बाजूला हात न लावता जवळून बघा, पॉलिश अजून चकाकतं. एक छोटी खोली आहे जिच्या भिंतींवर अत्तरं आणि धूप बनवायच्या कृती कोरल्यात, किती माप, किती दिवस उकळायचं वगैरे. पुजारी ज्या दारातून यायचे तिथे त्यांना ताकीद लिहिलीय, अशुद्ध येऊ नका, देवाच्या घरात खोटं बोलू नका, लाच घेऊ नका, मापात फेरफार करू नका. दोन हजार वर्षांपूर्वीच्या दारावर हे वाचून दाखवलं तेव्हा ग्रुप एकदम गप्प झाला. आणि डेंडेराची हॅथोर दरवर्षी उन्हाळ्यात नदीतून १५० किलोमीटरपेक्षा जास्त प्रवास करून इथे होरसला भेटायला यायची, अमावस्येला पोचायची, पंधरवडा राहून परत जायची. डेंडेरा आधी बघितलेलं असल्यामुळे आम्हाला ती कुठून निघाली ते माहीत होतं.

कोम ओम्बोला लोक मगरीच्या ममी बघायला पळतात. आमचे मिरजेचे काका गेले नाईलोमीटरकडे, म्हणजे गोल विहीर, आत जिना, पुराचं पाणी किती चढलं ते मोजायची जागा. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, इथली धोक्याची पातळी किती? सांगलीच्या माणसाला कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका हे पाठ असतं. गाईडनी सांगितलेलं उत्तर वेगळंच निघालं. रोमन लेखक प्लिनीनं लिहिलंय, १२ हात पाणी चढलं तर दुष्काळ, १३ ला उपासमार, १४ ला आनंद, १५ ला निर्धास्त, १६ ला चैन, म्हणजे मेम्फिसकडचं माप. हात म्हणजे साधारण अर्धा मीटर. पाणी फार चढलं तर नुकसान होतंच, पण तिथे जास्त भीती पाणी कमी येण्याची. आणि माप पुजाऱ्यांच्या हातात, त्यावरून पिकाचा अंदाज आणि त्यावरून कर. १९७० मध्ये अस्वानचं मोठं धरण झालं आणि हा पूरच थांबला. काकांनी मग धरणाचे दरवाजे, विसर्ग, गाळ, सगळं विचारलं, गाईडना जेवढं माहीत होतं तेवढं त्यांनी सांगितलं.

फिले बेटावर बोटीनं जातात. इसिस देवीचं देऊळ मूळ बेटावर पाण्यात बुडत होतं म्हणून १९७० च्या दशकात दगड दगड सोडवून शेजारच्या अगिल्किया बेटावर परत बांधलं. दर दहा दिवसांनी देवी नावेतून पलीकडच्या बिगा बेटावर ओसायरिसच्या, म्हणजे नवऱ्याच्या, थडग्यावर दूध वाहायला जायची. बाकी सगळी देवळं बंद झाल्यावरही इथे पूजा चालू राहिली, कारण दक्षिणेकडचे नुबियन लोक इसिसला सोडायला तयार नव्हते, त्यांनी रोमन लोकांशी करार करून वर्षातून एकदा मूर्ती आपल्या मुलखात न्यायचा हक्क मिळवला होता. २४ ऑगस्ट ३९४ ही तारीख असलेला चित्रलिपीतला शेवटचा लेख इथेच रोमन बादशहा हेड्रियनच्या दरवाज्यावर आहे. गाईडनी बोट ठेवून दाखवला, उभा राहायला जेमतेम जागा, अक्षरं काही फार सुबक नाहीत. सहाव्या शतकात रोमन बादशहा जस्टिनियननं देऊळ बंद केलं. याच इसिसचं एक देऊळ तांबड्या समुद्रावर बेरेनिकेला आहे, आणि तिथे उत्खननात बुद्धाची संगमरवरी मूर्ती सापडल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं. आपल्याकडची माणसं व्यापाराला तिथपर्यंत जात होती, त्याचा एवढा जवळचा पुरावा मी पहिल्यांदा ऐकला.

अबू सिंबेलला मध्यरात्री उठवून नेतात, वाळवंटातून तीन-साडेतीन तास. १९६४ ते ६८ मध्ये धरणाच्या पाण्यात बुडू नये म्हणून अख्खा डोंगर कापून रामसेस दुसऱ्याचं देऊळ ६५ मीटर वर हलवलं हे बघायला जाच, पण गुडघे दुखणाऱ्यांनी बसमध्ये पुढची सीट मागून घ्या.

न आवडलेलं एकत्र सांगते. पपायरस, अत्तर, अलाबास्टर या दुकानांत मिळून जितका वेळ गेला तितक्यात अबायडोस होऊन गेलं असतं, जिथे ७६ राजांची यादी भिंतीवर आहे आणि रोजच्या पूजेची ती चित्रं आहेत. आम्हाला ती गाईडच्या टॅबवर बघावी लागली. हेडसेट दिले होते पण निम्म्यांचे चालत नव्हते, मागच्या लोकांना काही ऐकू येत नव्हतं आणि मग तेच लोक कंटाळले, त्यात त्यांची काय चूक. टिप्सचे पैसे वेगळे, ते आधी स्पष्ट सांगितले नाहीत.

बुकिंग करताना चार गोष्टी लेखी घ्या. डेंडेरा प्लॅनमध्ये आहे की ऑप्शनल, आणि ते कर्नाकच्या आधी ठेवता येईल का. एस्ना, अबायडोस, रामेसियम यातलं निदान एक तरी घालता येईल का, दुकानं कमी करून. गाईड इजिप्तॉलॉजी शिकलेला आहे का आणि पूर्ण टूरभर तोच राहणार की शहरागणिक बदलणार, कारण आमचा तोच राहिला म्हणून डेंडेराची हॅथोर एडफूला पोचलेली आम्हाला कळली. आणि एका गाईडमागे माणसं किती. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा बरी, तरी दुपारी ऊन लागतंच, ज्येष्ठांसाठी टोपी, ओआरएस आणि घडीचं स्टूल न्या, देवळांत बसायला फारशी सोय नाही. २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला अबू सिंबेलच्या गाभाऱ्यात सूर्यकिरण जातात, त्या आसपास प्रचंड गर्दी असते, तेव्हा मुद्दाम त्याच दिवसासाठी जायचं नसेल तर तारीख पुढेमागे करून मागा. आमच्या टूरवाल्यांनी पुढच्या बॅचसाठी हाच गाईड मागितलाय असं कळलं, जाणार असाल तर फोनवर पहिला प्रश्न तोच विचारा.